रांजणातली अळी आणि तिचे मज्जातंतू

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया, तह आणि सनावळी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, त्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर ते साहजिकच म्हणायचे. परंतु आज मी ज्या लढाईची हकीकत सांगणार आहे, तिचे रणांगण एका रांजणात मावण्याएवढे आहे. तिच्यात शत्रू आहे डासाची अळी. ही लढाई सव्वाशे वर्षे चालली आहे, तिचे काही महत्त्वाचे प्रसंग आपल्या वऱ्हाडात, मुंबईत आणि पुण्यात घडले आहेत, आणि अलीकडे तिने एक नवे वळण घेतले आहे. शास्त्रज्ञ आता कीटकांच्या मज्जासंस्थेचा पेशीवार नकाशा तयार करू लागले आहेत. त्या नकाशाशी आपल्या पिण्याच्या पाण्याचा काय संबंध, ते आपण पाहू.

आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत विभागलेला आहे. घाटावर उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीत पाणी असले तरी ते तोंडात धरवत नाही. दोन्हीकडे परिणाम एकच. गोडे पाणी मिळेल त्या दिवशी भरून ठेवायचे आणि पुरवून पुरवून वापरायचे. रांजण, माठ, ड्रम, सिमेंटची टाकी, जे असेल ते भरायचे. माणसाने साठवलेले हे स्वच्छ पाणीच एडिस नावाच्या डासाला फार मानवते. डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे ताप तोच पसरवतो. आता 'साठवलेले पाणी ओतून द्या' असा उपदेश शहरात ठीक आहे. ज्या बाईने तास दीड तास उन्हात उभे राहून दोन हंडे आणले, तिला तो कोणत्या तोंडाने करावा? पाणीही राहिले पाहिजे आणि अळीही मेली पाहिजे, हा आपला पेच आहे.

प्रथम ही अळी नीट पाहू या. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर बाजूला अंडी चिकटवते. ती अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही जगतात आणि पाणी चढले की फुटतात. अळी चार वेळा कात टाकते, मग तिचा कोष होतो आणि कोषातून डास बाहेर पडतो. उन्हाळी हवेत हा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत, कधी त्याहूनही लवकर, उरकतो. एडिसची अळी शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून डोके खाली करून लोंबकळते आणि त्या नळीने श्वास घेते. हिवतापाच्या डासाची, म्हणजे ॲनॉफेलिसची, अळी पाण्यावर आडवी पडून राहते. एवढ्या खुणेवरून शाळेतला मुलगाही दोघींतला भेद ओळखू शकेल.

आता इतिहासाकडे वळू. १८८० साली लाव्हेरां या फ्रेंच लष्करी डॉक्टराला हिवतापाच्या रोग्याच्या रक्तात एक सूक्ष्म जीव दिसला. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हे कोडे सिकंदराबादेस सुटले. त्या काळी आपले वऱ्हाडही कागदोपत्री निजामाच्याच राज्यात मोडत होते, कारभार मात्र इंग्रजांचा होता. सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस हे डॉक्टर दोन वर्षे डास फाडून पाहत होते, आणि हाती काही लागत नव्हते. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांच्या हाताखालच्या एका माणसाने बाटलीत काही अळ्या आणून दिल्या. त्यांतून ठिपकेदार पंखांचे डास निघाले. हुसेनखान नावाच्या हिवतापाच्या रोग्याला ते चावू दिले, आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या अळ्या ज्याने आणल्या, त्याचे नाव मात्र इतिहासाने जपून ठेवले नाही. योग्य डबक्यात हात घालणारा तो माणूस नसता, तर रॉस यांचे सूक्ष्मदर्शक यंत्र आणखी किती दिवस रिकामे बघत बसले असते, कोण जाणे.

यानंतरचा प्रसंग आपल्याच वऱ्हाडातला आहे. आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपूर, म्हणजे त्या काळचे एलिचपूर, येथे विल्यम ग्लेन लिस्टन नावाचे तरुण लष्करी डॉक्टर होते. त्यांनी वर्षभर तिथल्या डासांच्या सवयी न्याहाळल्या आणि १९०१ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी एका नव्या जातीच्या डासाचे वर्णन केले आणि स्टीफन्स या हिवताप-संशोधकाच्या नावावरून त्याला ॲनॉफेलिस स्टीफेन्सी असे नाव दिले. वऱ्हाडात ओळख पटलेला हा डास पुढे फार दूरवर गेला. २०१२ साली तो आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिबुतीत सापडला, आणि तेथून तो इथिओपिया, सुदान अशा देशांत पसरला आहे. आफ्रिकेतले जुने हिवतापाचे डास बहुतेक खेड्यापाड्यांत वाढतात. हा मात्र शहरातल्या टाक्यांत सुखाने नांदतो, म्हणून तिकडचे आरोग्यखाते चिंतेत आहे.

टाक्यांत नांदण्याची त्याची ही खोड मुंबईने फार पूर्वी अनुभवली होती. मुंबईत हिवतापाने कहर मांडला, तेव्हा बेंटली या डॉक्टरांनी शहराची पाहणी करून १९११ साली आपला अहवाल दिला. दोष दलदलीचा नसून वाड्यावाड्यांतल्या विहिरींचा आणि हौदांचा आहे, असे त्यांनी दाखवले. विहिरी झाका किंवा बुजवा, अशी मोहीम निघाली. आता पारशी आणि हिंदू समाजांतल्या अनेकांच्या धर्मविधींना विहिरीचेच पाणी लागे. वाद झाले, अर्जविनंत्या झाल्या, आणि मधला मार्ग म्हणून कित्येक विहिरींवर जाळ्या व झाकणे बसली. पाणी आणि अळी यांची फारकत कशी करावी, हा आपला आजचाच पेच शंभर वर्षांपूर्वी मुंबईपुढे उभा होता.

तोवर अळी मारण्याचा एक रूढ उपाय होता, तिचा श्वास कोंडणे. डबक्यावर रॉकेल ओतले की तेलाचा पापुद्रा पसरतो आणि अळीच्या नळीला हवा मिळत नाही. पिण्याच्या पाण्यात रॉकेल कोण ओतणार? मग १९३९ साली स्वित्झर्लंडमधील पाऊल म्युलर यांना डीडीटीचा कीटकनाशक गुण सापडला. आपल्या देशात १९४७ साली हिवतापाचे सुमारे साडेसात कोटी रोगी आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. खेड्यातल्या भिंतींवर पांढरे पट्टे उठले. १९६५ च्या सुमारास रोग्यांचा आकडा लाखाच्या आसपास आला. पण १९७६ साली तो पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. त्याला कारणे अनेक होती, आणि त्यांतले एक थेट आपल्या विषयाला येऊन भिडते.

डीडीटी कीटकाला मारते ते त्याच्या मज्जातंतूंवर घाव घालून. मज्जातंतूच्या आवरणात अतिसूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, सोडियमचे कण आत येतात, संदेश पुढे जातो आणि दार मिटते. डीडीटी हे दार मिटूच देत नाही. तंतू थांबायचे विसरतो, कीटक थरथरतो आणि मरतो. पण लाखो डासांत एखादा असा निघतो की त्याच्या दाराची घडण जन्मतःच थोडी निराळी असते. औषध त्याला बाधत नाही. बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढची पिढी त्याची होते. एवढेच नव्हे, त्याच दारावर काम करणारी पुढची औषधेही, मच्छरदाण्यांना लावतात तीसुद्धा, अशा डासांपुढे लटकी पडतात.

एडिसच्या बाबतीतही असाच इतिहास आहे. पुण्यास १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे चिकुनगुन्याची साथ आली. मग जवळजवळ बत्तीस वर्षे हा रोग आपल्याकडे दिसेनासा झाला. २००५-०६ मध्ये तो परतला आणि गावेच्या गावे सांधे धरून बसली. २०२१ साली पुणे जिल्ह्यातील बेलसर या गावी महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रोगी सापडला. तो रोगही एडिसच पसरवतो.

या डासाच्या अळीसाठी आरोग्य कर्मचारी पाण्यात टेमेफॉस टाकतात. गावात त्याला 'ॲबेट' म्हणतात. दर लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत, मापूनच, ते टाकायचे असते. तेही मज्जासंस्थेवरच काम करते. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे एक रसायन असते. निरोप पोचला की ते पुसून टाकणारा एक पाचकरस असतो. टेमेफॉस त्या पुसणाऱ्याला बांधून ठेवते. निरोप पुसलाच जात नाही आणि अळीचे स्नायू आखडतात. अडचण अशी की हाच रस माशांत आहे, मधमाशीत आहे, तुमच्या-माझ्यातही आहे. म्हणून मात्रा जपावी लागते. आणि जगातल्या कित्येक देशांतून टेमेफॉसला न जुमानणाऱ्या अळ्यांच्या बातम्याही आल्या आहेत.

आता माझा मुद्दा लक्षात घ्या. ऐंशी वर्षे आपण कीटकाच्या मज्जासंस्थेवर काठी चालवत आहोत, आणि ती मज्जासंस्था कशी आहे हे मात्र आपल्याला पुरते ठाऊक नव्हते. अंधारात फिरवलेली काठी सापालाही लागते आणि घरच्या माणसालाही. ज्या पाण्यात घाव घालायचा, तेच पाणी लेकराला पाजायचे असेल, तर दिवा लावूनच काठी उचलली पाहिजे. मज्जापेशींचा नकाशा म्हणजे तो दिवा.

नकाशाची सुरुवात इटलीत झाली. १८७३ साली कामिलो गोल्जी या डॉक्टरांनी, एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत, चांदीच्या क्षारांनी मज्जापेशी रंगवण्याची युक्ती काढली. गंमत अशी की या रंगाने शंभरातली एखादीच पेशी काळी होते, पण ती फांद्या-मुळ्यांसकट संपूर्ण दिसते. सगळ्याच काळ्या झाल्या असत्या तर नुसते जंगल दिसले असते. आणि योगायोग पाहा, हेच गोल्जी पुढे हिवतापाकडे वळले. जंतू रक्तपेशी फोडून बाहेर पडतात त्या वेळीच थंडी वाजून ताप भरतो, हे त्यांनी १८८६ च्या सुमारास दाखवले. एक दिवसाआडचा ताप आणि दोन दिवस सोडून येणारा ताप यांचा उलगडा त्यातून झाला. एकाच माणसाने आपल्या आजच्या विषयाची दोन्ही टोके हाताळली होती.

गोल्जींची युक्ती स्पेनच्या रामोन इ काहाल यांनी उचलली. मज्जासंस्था म्हणजे एकसंध जाळे नसून ती सुट्या पेशींची बनलेली आहे, असे त्यांनी सिद्ध केले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. १९१५ साली काहाल यांनी सांचेझ या सहकाऱ्याबरोबर कीटकांच्या डोळ्यांमागची मज्जाकेंद्रे रेखाटली. माशीच्या एवढ्याशा डोक्यातली ती गुंतागुंत पाहून ते थक्क झाले होते.

आपल्या देशातही या कामाचा धागा आहे, आणि तो मुंबईत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दीकी यांनी १९६२ साली रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. पुढे त्यांनी पिकल्या केळ्यावर घोंघावणारे चिलट अभ्यासाला घेतले. चिलट आणि डास दोघेही दोन पंखांचे, नात्याने चुलत भाऊच. केनियात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज या विदुषी सिद्दीकींकडे आल्या. चिलटाला वास कसा कळतो, चव कशी कळते, आणि कोणता आनुवंशिक गुण बिघडला की ते कळेनासे होते, याचा दोघांनी माग काढला. १९८४ साली त्याच संस्थेतील नरेश सिंग आणि कुसुम सिंग यांनी चिलटाच्या अळीची ज्ञानेंद्रिये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची बारीक रचना प्रसिद्ध केली. अळीच्या नाकात, त्याला नाक म्हणायचे तर, एका बाजूला वास घेणाऱ्या पेशी किती? अवघ्या एकवीस. जगातले संशोधक आजही त्या मोजणीचा हवाला देतात.

यानंतर नकाशा झपाट्याने भरू लागला. १९८६ साली एका सूत्रकृमीच्या सर्व ३०२ मज्जापेशी आणि त्यांच्या जोडण्या रेखाटून झाल्या. २०२३ साली चिलटाच्या अळीचा संपूर्ण मेंदू रेखाटला गेला. त्यात ३,०१६ मज्जापेशी आणि सुमारे ५ लाख ४८ हजार जोड आहेत. तीळभर जीव, आणि जोडांची संख्या एखाद्या मोठ्या शहराच्या लोकसंख्येएवढी!

येथे तुम्ही म्हणाल, जोडण्या कळल्या म्हणजे झाले की. नाही, अजून अर्धे काम उरते. आपल्या तलाठ्याच्या दप्तराचे उदाहरण घ्या. गावनकाशावर कोणत्या शेताला कोणाचा बांध लागतो ते दिसते. पण त्या शेतात यंदा कपाशी आहे की सोयाबीन, हे पाहायला सातबाऱ्यावरची पीकपाहणीच उघडावी लागते. मज्जासंस्थेचेही तसेच आहे. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे हा झाला गावनकाशा. कोणती पेशी कोणत्या जातीची, ती कोणते रसायन सोडते, तिच्या दारांची घडण कोणती, ही झाली पीकपाहणी.

ही पीकपाहणी कशी करतात? प्रत्येक पेशीत आनुवंशिक माहितीची तीच पोथी असते, पण प्रत्येक पेशी तिचे वेगवेगळे अध्याय वाचते. जो अध्याय वाचायचा, त्याची तात्पुरती नक्कल पेशीत तयार होते. शास्त्रज्ञ मेंदूतल्या पेशी किंवा त्यांची केंद्रके सुटी करतात, प्रत्येकीला एक रासायनिक चिठ्ठी डकवतात आणि तिच्यातल्या नकला वाचून काढतात. मग गणकयंत्र सारख्या नकला असलेल्यांचे गट पाडते. निरोप देणाऱ्या पेशींचा एक गट, स्नायू हलवणाऱ्यांचा दुसरा, नुसती देखभाल करणाऱ्यांचा तिसरा, असे करत करत जाती उलगडतात. याच रीतीने प्रौढ एडिस डासाच्या, नराच्या आणि मादीच्या मिळून, १९ अवयवांतील ३ लाख ६७ हजारांहून अधिक पेशी-केंद्रकांची वर्गवारी २०२५ साली मांडली गेली. अळीची मज्जासंस्था आकाराने लहान, मेंदू आणि पोटाच्या बाजूने माळेसारख्या ओवलेल्या गाठी एवढीच. तिच्यावर हीच रीत लागू पडते. आणि औषध तर आपण अळीलाच घालतो, हे विसरू नका.

एक खबरदारीचा शब्द सांगतो. नकाशा म्हणजे औषध नव्हे. पेशींच्या जाती कळल्या म्हणून उद्या रांजणात टाकायची नवी पुडी येईल, असे मी म्हणणार नाही. पण फक्त डासाच्याच पेशीत असलेली, आपल्यात नसलेली खूण सापडली, तर तेवढ्याच खुणेवर बेतलेले औषध शोधण्याची वाट मोकळी होते. एवढा नेमका मार शक्य आहे, याचा दाखला आधीच मिळाला आहे. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात असा एक जिवाणू सापडला की त्याचे विष डासाच्या अळीचे आतडे फोडते आणि माणसाला, गुराढोरांना, माशांना काही करत नाही. आतड्याच्या बाबतीत निसर्गानेच दाखवलेली ही वाट मज्जासंस्थेच्या बाबतीत माणसाला शोधायची आहे.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक प्रयोग सुचवतो. काचेच्या बरणीत अळ्या असलेले पाणी घ्या आणि तोंडाला दाट कापड घट्ट बांधा. अळ्या वर येऊन स्थिर झाल्या की बरणीवर हाताची सावली टाका. झटकन साऱ्या खाली जातील. एवढीशी अळी सावली पाहते, धोका ओळखते आणि पळते, म्हणजे तिला मज्जासंस्था आहे. मग पुन्हा पुन्हा सावली टाका. काही वेळाने त्या खाली जाण्याचे कमी करतील, जणू ही सावली निरुपद्रवी आहे हे त्यांनी ओळखले. इंग्रज शास्त्रज्ञ मेलनबी यांनी १९५८ साली अळ्यांच्या या बिथरण्यावर लेख लिहिला होता. कितव्या सावलीला किती अळ्या खाली गेल्या, याचा तक्ता मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. प्रयोग त्याच दिवशी संपवून पाणी कोरड्या मातीवर ओता, म्हणजे अळ्यांचा डास होणार नाही.

आणि नवे औषध येईपर्यंत घरात काय करायचे? त्याचे उत्तर अळीच्या आयुष्यातच आहे. तिला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पाणी ओतून द्यायला नको. ते फडक्याने गाळून दुसऱ्या भांड्यात काढा. रिकाम्या रांजणाची आतली बाजू नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने खसखसून घासा, कारण अंडी तिथे चिकटलेली असतात, आणि नुसते विसळून ती निघत नाहीत. मग तेच पाणी परत भरा आणि तोंडाला कापड बांधा. फडक्यावर राहिलेल्या अळ्या उन्हात टाका. मोठी टाकी रिकामी करता येत नसेल तर तिच्यात गप्पी मासे सोडा. ते आरोग्य केंद्रात मिळतात. गावातल्या आशाताईला आणि शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन सगळ्या आळीने एकच वार ठरवा. एका घराने रांजण घासला आणि शेजारच्याने नाही, तर डास काही उंबरठा ओळखत नाही.